कोंबडी वांझ, की अंडं वांझ?

पत्र :

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमच्याकडे 40 गावरान कोंबड्या आणि 2 कोंबडे आहेत. बचत गटाचं कर्ज काढून दिवाळीत 90 अंड्यांचं उबवणी यंत्र घेतलं. फेब्रुवारीपर्यंत दर खेपेला 60-65 पिल्लं निघायची आणि हातोहात जायची. एप्रिलच्या खेपेला 26 निघाली, मेच्या खेपेला 19. रोज 9-10 अंडी मिळतात, 90 जमली की यंत्र लावते. तोवर अंडी स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवते. अंड्यांचा रंगही उडालाय. आधी बदामी असायची, आता पांढुरकी दिसतात, काही हाताला खरखरीत लागतात. 6-7 कोंबड्या अंडी देतच नाहीत असं वाटतं. मागच्या आठवड्यात एक चांगली कोंबडी अंडं अडकून मेली. मार्चपासून दुकानातून ब्रॉयलरचं फिनिशर खाद्य आणते, त्यात घरची सरकी पेंड आणि थोडा मका मिसळते. मोठा कोंबडा तीन वर्षांचा आहे, साडेतीन किलो भरतो. धाकटा त्याच्यासमोर येतच नाही. दीर म्हणतात, कोंबड्या वांझ झाल्या, सगळ्या बाजारात काढ आणि नव्या तलंगा (तरण्या कोंबड्या) घे. काय करू?
– एक भगिनी, संगमनेर तालुका

उत्तर :

ताई, आधी एक हिशेब करू. गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारण 60 ते 80 अंडी देते. म्हणजे 40 कोंबड्यांमागे रोजची सरासरी 7 ते 9 पडते. तुम्हाला भर उन्हाळ्यात 9-10 मिळताहेत. हा कळप वांझ म्हणायचा, तर नोकरीत मी पाहिलेले निम्मे कळप वांझच होते म्हणावं लागेल. या आठवड्यात एकही कोंबडी डालग्यात घालू नका.

कोंबडीला अंडं द्यायला कोंबडा लागत नाही. ती आपल्या पाळीनं अंडं घालतच राहते. त्यातून पिल्लू निघायला मात्र कोंबडा लागतो, अंडं नीट ठेवावं लागतं, खाद्य बरं लागतं आणि यंत्रही धड चालावं लागतं. यातली कुठलीही कडी तुटली तरी शेवटी दिसतं एकच : न फुटलेलं अंडं. आणि पिल्लं निघाली नाहीत की पहिलं बोट मादीकडे वळतं. ही खोड आपल्याकडे खुराड्यापुरतीच नाही, पण तो विषय या सदराचा नव्हे.

मीही ही चूक केली आहे. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. डोंगराकडच्या एका वस्तीवर एका आजींच्या कोंबड्यांची दोन रवणं, म्हणजे कोंबडीखाली उबवायला ठेवलेली अंडी, वाया गेली होती. मी कोंबड्यांवर नुसती नजर टाकली आणि रुबाबात सांगितलं, "आजी, या म्हाताऱ्या झाल्या, आता कापून खा." त्यांनी माझ्याचसाठी एक कापली. थोड्या वेळानं आत हाक मारली आणि परात पुढे केली. कोंबडीच्या पोटातून निघालेला बलकांचा घोस होता तो. पूर्ण वाढलेला एक, त्याहून लहान एक, मग बोराएवढा, मग वाटाण्याएवढा, आणि खाली मोहरीसारखे असंख्य. शेजारी पूर्ण कवच धरलेलं एक अंडं, उद्या सकाळी घातलं जाणारं. आजी एवढंच म्हणाल्या, "ही म्हातारी व्हय?" नंतर कोंबडा धरून पाहिला, तर त्याच्या तळपायाला सुपारीएवढं गळू. बिचाऱ्याला कोंबडीच्या पाठीवर उभंच राहता येत नव्हतं. ते जेवण मला गोड लागलं नाही.

म्हणून आता तुम्हालाही आधी फोडून पाहायला सांगतो. कोंबडी नव्हे, अंडी.

काल-आज घातलेली ताजी 10-12 अंडी घ्या. एकेक पांढऱ्या ताटलीत अलगद फोडा. बलकावर वरच्या बाजूला एक फिकट ठिपका दिसेल. दिसला नाही तर ताटली थोडी हलवा, तो आपसूक वर येतो. उजेडात, दाराशी बसून पाहा. ठिपका मोहरीएवढा, भरीव पांढरा आणि कडा वेड्यावाकड्या असतील, तर त्या अंड्याला कोंबडा लागलेला नाही. ठिपका त्याहून मोठा, बारीक बांगडीसारखा गोल आणि मध्ये काचेसारखा स्वच्छ असेल, तर ते फळलेलं अंडं. पहिली दोन-तीन अंडी गोंधळायला होतं, पाचव्यापासून डोळा बसतो. मग त्याच अंड्यांची भुर्जी करा, काही वाया जात नाही.

बारातली 10-11 फळलेली निघाली, तर कोंबड्याला सोडा आणि फडताळाकडे वळा. 5-6 किंवा त्याहून कमी निघाली, तर आधी कोंबडा. तुमच्याकडे दोन्ही थोडं थोडं असणार असा माझा अंदाज आहे.

कोंबड्याचं आधी सांगतो. गावरान कळपात दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असा साधा नियम. 40 ला 4 हवेत. तुमच्याकडे कागदावर दोन आहेत आणि प्रत्यक्षात एकच, कारण धाकट्याला मोठा फिरकू देत नाही. अशा दादाचा तोटा दुहेरी असतो. तो स्वतः ठरावीक कोंबड्यांच्याच मागे असतो आणि उरलेल्यांपर्यंत दुसऱ्याला पोचू देत नाही. खात्री करायची असेल तर कोंबड्यांच्या पाठी पाहा. काहींच्या पाठीवरची आणि मानेमागची पिसं झिजून कातडी दिसत असेल, त्या त्याच्या लाडक्या. ज्यांची पाठ कोऱ्या करकरीत लुगड्यासारखी आहे, त्यांना कदाचित महिन्यात कोंबडा लागलेलाच नाही.

त्यात तीन वर्षं वय आणि साडेतीन किलो वजन. गावरान कोंबडा अडीच किलोच्या आत चपळ असतो. तुमचा मार्चपासून ब्रॉयलरचं खाद्य खातोय, आणि ते खाद्य बनवलेलंच मुळी अंगावर मांस चढवायला. जड नर चढतो, पण तोल जातो, जोडा नीट लागत नाही. तळपाय उलटे करून पाहा, काळी खपली किंवा गळू आहे का. शिवाय ऊन. सलग काही दिवस पारा 38-40 वर राहिला की नराचं वीर्य पातळ पडतं, आणि ऊन उतरल्यावरही सुधारायला दोनेक आठवडे जातात. एप्रिल-मेमध्ये फळलेली अंडी कमी होणं हे दर उन्हाळ्याचं रडगाणं आहे. तुमच्या घरचं तेवढं नाही.

तेव्हा तीन तरुण कोंबडे आणा, आठ-दहा महिन्यांचे, शक्यतो एकत्र वाढलेले भाऊ, म्हणजे आपसात कमी भांडतील. पण तुमच्याच कळपात जन्मलेले ठेवू नका आणि तुम्ही ज्यांना पिल्लं विकली त्यांच्याकडूनही घेऊ नका. बाप-मुलगी, भाऊ-बहीण असं तीन-चार पिढ्या चाललं की अंडी फळतात, पण पिल्लू कवचातच मरतं. दुसऱ्या गावाहून आणा, दोन-तीन आठवडे वेगळे बांधा, मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस झाली आहे का विचारा, नसेल तर टोचून घ्या. मग रात्री अंधारात चौघांना एकदम कळपात सोडा, धाकटा धरून. आणि मोठ्याला त्याच रात्री बाहेर काढा. दिरांना कोंबडी बाजारात काढायची हौस असेल, तर हा एक घेऊन जाऊ दे.

इथे एक गंमत लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला फसाल. कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात आणि त्यांत ती कोंबड्याचे शुक्राणू साठवून ठेवते. एकदा जोडा लागला की पुढचे दहा-बारा दिवस, कधी दोन आठवड्यांहून जास्त, अंडी फळत राहतात. म्हणजे मोठा गेल्यावरही त्याची पिल्लं दोन-तीन आठवडे निघत राहणार. उलट बाजूनं, नवे कोंबडे सोडल्यावर आठवडाभरात फळलेल्या अंड्यांचं प्रमाण चढलेलं दिसायला हवं. दर आठवड्याला सहा अंडी फोडून पाहत जा. भावंडांतला संकर टाळण्यासाठी कुठलं पिल्लू कोणत्या कोंबड्याचं हे नेमकं कळायला हवं असेल, तर तीन आठवडे अंडी यंत्रात लावूच नका, खाऊन किंवा विकून टाका.

आता फडताळ. याचा मला सर्वांत जास्त राग आला, कारण कोंबडा निदान जनावर आहे, हे तर आपल्या हातातलं होतं. रोज 9-10 च्या हिशेबानं 90 जमायला तुम्हाला नऊ-दहा दिवस लागतात. एवढे दिवस चुलीजवळच्या फडताळात, मे महिन्यात. अंडं बाहेर येतं तेव्हा आतला जीव वाढीला लागलेलाच असतो. बाहेर 20-21 अंशांखाली राहिला तर तो झोपतो, यंत्रात गेल्यावर जागा होतो. फडताळात 35-36 अंश असतील तर तो झोपतही नाही आणि धड वाढतही नाही, अर्धवट धुगधुगतो आणि दोन-चार दिवसांत मरतो. सातव्या दिवशी बल्बवर धरलं तर आत रक्ताचं लाल कडं दिसतं, नाहीतर अंडं रिकामं दिसतं आणि आपण म्हणतो, कोंबडी वांझ.

फेब्रुवारीत 60-65 निघायची आणि एप्रिलपासून 26, यात ऋतूचा हात केवढा आहे ते यावरून कळेल. तेव्हा फडताळ तेच होतं, हवा वेगळी होती.

उपाय खर्चाचा नाही. एक मोठा रुंद तोंडाचा माठ घ्या, जमिनीत निम्मा पुरा, सावलीत. तळाशी चार बोटं ओली वाळू, तिच्यावर विटांचे तुकडे, त्यावर कोरडं गोणपाट, त्यावर अंडी, निमुळतं टोक खाली. तोंडावर ओलं फडकं. अंड्याला पाणी लागता कामा नये. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथली 4-5 अंशांची थंडी या जीवाला सोसत नाही. घाणेरडी अंडी धुऊन लावण्याचाही मोह टाळा. धुतलं की कवचावरचं संरक्षक आवरण जातं आणि घाण छिद्रांतून आत उतरते. मळकी असतील ती खायला ठेवा. अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करा, दुपारी खुराड्यात तापत ठेवू नका. आणि मुख्य म्हणजे 90 चा हट्ट सोडा. उन्हाळ्यात पाच दिवसांपेक्षा जुनं अंडं लावू नका, एरवी सात. यंत्र अर्धंच भरलं तर भरू द्या. 45 अंड्यांतून 32 पिल्लं ही 90 तून 19 पेक्षा केव्हाही बरी.

खाद्याबद्दल तुम्ही जे लिहिलं आहे ते वाचून मला पोत्याचा फोटो मागवावासा वाटला. अंड्यांचा रंग उडणं आणि कवच खरखरीत होणं हे मार्चनंतर सुरू झालं ना? पोत्याला शिवलेला कागद काढा आणि शांतपणे वाचा. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीवरचं, म्हणजे कॉक्सिडियोसिसवरचं औषध मिसळलेलं असतं. त्यांपैकी निकार्बाझिन हे औषध अंड्यावरच्या कोंबड्यांच्या पोटात गेलं की दोन गोष्टी होतात : बदामी अंडी पांढुरकी पडतात, आणि फळलेलं अंडंसुद्धा यंत्रात मरतं. बलकावर ढगाळ डागही दिसू शकतात. ब्रॉयलरला ते चालतं, कारण त्याला कुठे पिल्लं काढायची असतात. तुमच्या पोत्यात तेच औषध असेल असं मी म्हणत नाही, रंग उन्हानं, वयानं आणि काही आजारांनीही उडतो. पण नाव कागदावर सापडलं तर कोडं निम्मं सुटलं. बरी बाब ही की खाद्य बंद केल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत रंग परत येतो आणि पिल्लंही.

औषध नसलं तरीही हे खाद्य बंदच करा. एका अंड्याच्या कवचात दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, ब्रॉयलरच्या खाद्यात एक टक्कासुद्धा नसतं. उरलेलं कोंबडी हाडांतून काढते. आधी कवच पातळ होतं, मग खरखरीत, मग मऊ, आणि शेवटी कोंबडीच लुळी पडते. उन्हाळ्यात त्यात भर पडते. धापा टाकून ती श्वासावाटे जे बाहेर फेकते, त्यानं रक्तातला कवचाचा कच्चा माल आणखी कमी होतो.

तुमची मेलेली कोंबडी बहुधा याच वाटेनं गेली. अंडं बाहेर ढकलायला अंडनलिकेच्या स्नायूंना कॅल्शियम लागतं. ते नाही, पोटात चरबी साठलेली, वरून ऊन. पुन्हा एखादी कोंबडी शेपूट खाली पाडून, पाय फाकवून, सारखी जोर करताना दिसली, तर तिला वीस मिनिटं कोमट पाण्याच्या घमेल्यात पोटापर्यंत बसवा. मग बोटाला गोडं तेल लावून मागच्या बाजूनं आत हळूच फिरवा. अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. ते आत फुटलं तर कवचाचे तुकडे नळी फाडतात. दोन तासांत सुटलं नाही तर दवाखाना. अंग बाहेर आलं असेल तर पहिलं काम तिला वेगळं करणं, कारण बाकीच्या लाल दिसेल तिथे चोच मारतात आणि आतडीपर्यंत ओढतात. स्वच्छ पाण्यानं धुऊन हलकेच आत ढकलता येतं, पण ते पुन्हा येतंच. अशा कोंबडीची अंडी उबवायला घेऊ नका.

लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, खाद्य मिळालं तर उत्तम. रोजच्या चरण्यावर मूठभर पुरतं. नाही मिळालं तर मका, सोयाबीन पेंड, भाताचा कोंडा, आणि वेगळ्या टोपल्यात शिंपल्यांचा चुरा. चुरा खाद्यात कालवू नका, ज्या कोंबडीला हवा ती खाईल, नरांना एवढा लागतही नाही. टोपलं संध्याकाळी भरलेलं असू द्या, कवच रात्रीच चढतं. हिरवा पाला रोज. जीवनसत्त्व ब-2 कमी पडलं तर पिल्लं निम्म्या वाढीवर कवचात मरतात, आणि ते पाल्यात भरपूर असतं. लसूणघास मिळाला तर काय हवं.

सरकी पेंड मात्र गाईला घाला. सरकीतलं गॉसिपॉल नराच्या वीर्याला मारक आहे, आणि बलक हिरवट-तपकिरी करतं. कधी अंड्यातला पांढरा भाग गुलाबीसर झाला तर तेही सरकीच्याच तेलानं. ताटलीत अंडी फोडाल तेव्हा बलकाचा रंगही बघून ठेवा. मक्याला बुरशीचा कुबट वास येत असेल तर तोही नको, उन्हात वाळवून वास जातो, विष जात नाही.

राहिल्या त्या 6-7. यांच्यात खरोखर वांझ एखादी असू शकते, पण ती ओळखण्याची रीत आहे. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जा, कोंबडी काखेत धरा, मागच्या भागाखाली दोन टोकदार हाडं लागतात ती चाचपा. दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसली आणि गुदद्वार ओलसर, रुंद, सैल असेल, तर ती अंड्यावर आहे. कुठेतरी गवतात चोरून घालत असेल, शोधा. एकच बोट बसलं, द्वार कोरडं, गोल आणि आक्रसलेलं असेल, तर ती सध्या बंद आहे. सध्या, एवढंच.

बंद असण्याची कारणं पाहा. पिसं झडत असतील तर दोन-तीन महिने ती अंडी देणार नाही, अंग भरू द्या. खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीनं बसलेली, असेल तर दिवसभर घरट्यात फुगून बसेल, हात नेला की गुरगुरेल, छाती उघडी आणि गरम लागेल. आमच्याकडे खुडूक मोडायला तिला पाण्यात बुचकळायचे. कोंबडी चिडते, याखेरीज त्यातून फार काही निघतं असं मला दिसलं नाही. जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून हातभर उंच टांगा, खाणं-पाणी द्या, बसायला मऊ काही नको. पोटाखालून वारं लागलं की तीन-चार दिवसांत ती खुडूक सोडते.

पण एकीला मोडू नका. तिच्याशी काम आहे, पुढे सांगतो.

उरली ती वेगळी जात. तुरा लाल, हाडं रुंद, रोज घरट्यात जाते, बसते, उठते, अंडं नाही. काहींचं पोट लोंबतं आणि त्या बदकासारख्या ताठ, डुलत चालतात. लहानपणी, पहिल्या एक-दोन आठवड्यांत, श्वासाचा ब्राँकायटिस होऊन गेला की कोंबडीची अंडनलिका कायमची बिघडते. बीजकोश काम करतो, बलक सुटतो, पण नळीत न जाता पोटात पडतो. कोंबडीला बीजकोश आणि नळी डाव्या बाजूलाच असते, उजवीकडची जन्माआधीच खुरटते. एक गेली की दुसरी नाही. यावर औषध नाही. मोठेपणी पोटात अंडं फुटून पू झालेल्यांचीही अशीच गत. यांना काढा, पण बाजारात नको, आणि त्यांचं पोट तापलेलं असेल तर खायलाही नको. 40 तली एखाद-दुसरी अशी निघाली तर नवल वाटू देऊ नका. सातही अशाच निघाल्या तर मला कळवा, मग प्रश्न वेगळा.

आजाराचा संशय तेव्हा घ्यायचा, जेव्हा सगळा कळप एकदम अंड्यांवरून उतरतो, अंड्यातला पांढरा भाग पाण्यासारखा पातळ होतो, बिनकवचाची अंडी पडतात, खोकला-शिंका सुरू होतात. शेजारी बदकं असतील आणि पाणी एकच असेल तर अंडी घटण्याचा एक विषाणू तिकडूनही येतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. पण एक चाचणी तुम्ही एरवीही करायलाच हवी, कारण तुम्ही पिल्लं विकता. पुलोरम नावाचा जंतू कोंबडीच्या बीजकोशात राहतो. ती धडधाकट दिसते, पण अंड्यातून रोग पिल्लात जातो आणि पिल्लं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांढरी चिकट हगवण लागून मरतात. रक्ताच्या एका थेंबावर काचेच्या पट्टीवर तपासणी होते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवायची सोय तेच करून देतात. जी कोंबडी सापडेल ती कळपातून काढायची, औषध देऊन ठेवायची नाही.

आणि ती खुडूक. माझी आवडती तपासणी तीच आहे, कारण तिला कुठलंही यंत्र लागत नाही. पुढच्या खेपेला एकाच दिवशी, एकाच माठातली अंडी घ्या, पेन्सिलीनं खूण करा, 12 तिच्या पोटाखाली रवणाला बसवा आणि उरलेली यंत्रात लावा. तिनं 12 तून 10 काढली आणि यंत्रानं अर्धीसुद्धा काढली नाहीत, तर कोंबड्याला आणि खाद्याला दोष देऊ नका, यंत्राचा तापमापक दुसऱ्या तापमापकाशी लावून पाहा. 37.5 दाखवत असेल आणि प्रत्यक्षात 38.8 असेल तर सगळं ठरलंच. भारनियमनात किती तास बंद पडतं तेही लिहा. दोघांनीही सारखीच कमी काढली, तर अंडंच कमी पडलं. सातव्या दिवशी दोन्हीकडची बल्बवर धरा, रिकामी निघतील ती फोडून आत ठिपका, कडं, रक्ताचं वर्तुळ, काळा डोळा काय दिसतं ते वहीत टिपा.

वहीत पहिल्या पानावर आजची तारीख, ताटलीत किती फळलेली, बलकाचा रंग कसा, आणि पोत्यावरच्या कागदात काय छापलं आहे एवढं आजच लिहा. नवे कोंबडे सोडल्याचा दिवसही. तीन आठवड्यांनी ते पान जसंच्या तसं पाठवा, अक्षर कसंही असलं तरी चालेल.